शेळ्या, कोंबड्या आणि ताप : साथीच्या काळातील एका पशुपालन उपक्रमाचा अभ्यास

एका वार्षिक सभेत संस्थेच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस सरळ प्रश्न केला होता. "रुग्णालयाने शेळ्या-कोंबड्यांच्या व्यापात का पडावे? ते काम पशुवैद्यकीय दवाखान्याचे." प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. आहारातील प्रथिने, घरच्या अंड्यांचे महत्त्व, तरुणांना गावातच चार पैसे मिळण्याची सोय, असे काहीसे आम्ही बोललो. खरे उत्तर आम्हांला २०२० सालच्या पावसाळ्यात सापडले. ते सविस्तर मांडावे, त्यात आमचे चुकलेलेही सांगावे, म्हणून हा लेख.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे सागरी रस्त्याने निघाले की घाटीच्या वळणावर आरे आणि वारे हे दोन किनारे एकदम नजरेस पडतात. प्रवासी तेथे गाडी थांबवितो, समुद्र पाहतो आणि पुढे जातो. त्याच्या पाठीमागे जांभ्याचा कातळ आहे, उतारावर आंबा-काजूची कलमे आहेत, खळग्यांतून पावसाळ्यापुरते भात पिकते आणि निम्म्या घरांतील कर्ती माणसे मुंबईत असतात. दहावी-बारावी झालेला मुलगा एक तर बोटीवर जातो, नाही तर मुंबईची गाडी पकडतो. जी मुले-मुली काही कारणाने मागे राहतात त्यांच्यासाठी हा उपक्रम सुरू झाला. कुणाला दोन शेळ्या, कुणाला परसातील कोंबड्या. महिन्यातून दोनदा एकत्र बैठक, लसीकरणाची वही आणि हिशोबाची सवय. कोकणच्या दमट हवेत व मुसळधार पावसात तग धरणारी कोकण कन्याळ ही शेळीची जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नावारूपास आणलेली. तिच्यावर आमचा भर होता. एवढाच पसारा. त्यात रुग्णालयाचा वाटा म्हणजे बैठकीसाठी एक खोली आणि अधूनमधून एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान.

पहिला धक्का रोगाचा नव्हता, अफवेचा होता. २०२० ची होळी ९ मार्चला होती. कोकणात शिमगा म्हणजे पालखी, चाकरमान्यांची वर्दळ आणि घरोघरी कोंबडीचे जेवण. परसातील कोंबडीला वर्षातला चांगला भाव याच दिवसांत मिळतो. नेमक्या त्याच आठवड्यांत कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही वार्ता भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली. महाराष्ट्रात मांसल कोंबडीचा भाव शेतावर किलोस दहा रुपयांच्याही खाली घसरला; पिल्लांना खाद्य घालणे परवडेना म्हणून काही कुक्कुटपालकांनी जिवंत पक्षी पुरले. या आजाराचा कोंबडीशी संबंध नाही, हे केंद्र व राज्य शासनाने वारंवार सांगितले. पुढे जर्मनीतील प्रयोगांत कोंबड्या व डुकरे यांना या विषाणूची बाधा करूनही होत नाही, असे दिसून आले. परंतु शिमग्याच्या आठवड्यात हे सारे ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. आमच्याच गटातील मुलींनी हातच्या कोंबड्या मिळेल त्या दराने देऊन टाकल्या. मे महिन्यात पक्ष्यांचा तुटवडा होऊन भाव उसळले, तेव्हा त्यांची खुराडी रिकामी होती.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गटास निरोप धाडला की, बैठका बंद, गर्दी टाळावी, पुढील सूचना येईपर्यंत उपक्रम स्थगित. शाळा-महाविद्यालयांना जसे परिपत्रक जाते, तसेच हे लिहिलेले होते. कोंबडीविषयी एक वाक्यही त्यात नव्हते. रुग्णालयाच्या पत्रात कोंबडीचा उल्लेख नाही, यावरून मुलांनी आपापला अर्थ काढला. मुळात उपक्रम स्थगित म्हणजे काय, हाच प्रश्न होता. शाळेस कुलूप लावता येते. शेळीस कुलूप लावले तरी तिला संध्याकाळी पाला लागतोच. पहिली देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च ते १४ एप्रिल अशी एकवीस दिवसांची होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली की तिला पिल्ले काढायलाही तेवढेच एकवीस दिवस लागतात. वाड्यातील एका आजींनी हे गणित आमच्या परिचारिकेस हसत हसत ऐकविले. जनावराचे घड्याळ माणसाच्या आदेशावर चालत नाही. गाभण शेळी पाच महिन्यांनी विणार. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस डोळ्यात घालावीच लागणार. आंत्रविषाराची लस पावसापूर्वी टोचली नाही, तर कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडलेली करडे एका रात्रीत दगावणार. पशुखाद्याची दुकाने व पशुवैद्यकीय सेवा टाळेबंदीतून वगळलेल्या होत्या, हे आम्हांस ठाऊक होते. मुलांस ते ठाऊक नव्हते. नाक्यावर अडविले जाईल या भीतीने काहींनी तालुक्याला जाणेच सोडले होते.

एप्रिलच्या मध्यास आम्ही दुसरा निरोप धाडला. बैठक बंद, पण काम चालू. कोणी कोणाच्या वाड्यात जमायचे नाही. आठवड्यातून दोनदा रुग्णालयातून दूरध्वनी येईल. जनावरांची हालहवाल सांगायची. या दूरध्वनीचे काम ज्या परिचारिकाताईंकडे आले त्या स्वतः शेतकरी घरातील. शेळीने रवंथ थांबविला म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नसे.

मे महिन्यात चाकरमानी परतू लागले. मुंबईतील कामे बंद, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, आणि गावी हक्काचे घर. आले त्यांना ग्रामकृती दलाने शाळेत किंवा घरीच चौदा दिवस वेगळे ठेवले. गावात धास्ती होती आणि ती समजण्यासारखी होती. जून २०२० मध्ये रत्नागिरीतच तपासणीची सोय होईपर्यंत घशातील स्रावाचे नमुने मिरजेस पाठवावे लागत आणि अहवाल येईतो घरच्यांचा जीव टांगणीला लागे. अहवाल काहीही येवो, ज्या घरापुढे रुग्णवाहिका उभी राहिली त्या घराकडे वाडी वेगळ्या नजरेने पाही. दूध घ्यायला येणारे येईनासे होत. या भीतीचा परिणाम आमच्या डॉक्टरांना पुढे पावसाळ्यात दिसला.

कोकणात पावसाळी तापाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपल्या बोलण्यातील 'लेप्टो', हा शेतकऱ्याचा आणि गुराख्याचा आजार. उंदीर, गुरे, शेळ्या, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात व साचलेल्या पाण्यात उतरतात आणि माणसाच्या त्वचेवरील भेगेतून, खरचटलेल्या जागेतून किंवा चिखल्या झालेल्या बोटांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचा मोठा उद्रेक झाला होता, तो अनेकांस आठवत असेल. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभा असलेला आणि संध्याकाळी शेळ्यांचा वाडा झाडणारा तरुण या जंतूच्या वाटेत दोन्ही बाजूंनी उभा असतो. जंतू शिरल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो, डोके व अंग ठणकते, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात. या टप्प्यावर साध्या व स्वस्त प्रतिजैविकांनी रुग्ण बरा होतो. हाच टप्पा निघून गेला तर कावीळ, लघवी कमी होणे, मूत्रपिंड निकामी होणे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव, अशी वाट सुरू होते आणि मग आमच्यासारख्या रुग्णालयाच्या हाती फारसे राहत नाही.

आता २०२० च्या जुलैमध्ये या तापाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. ताप, अंगदुखी, थकवा, ही दोन्ही आजारांची लक्षणे. ताप आला असे सांगितले की नमुना घेणार, घर बंद होणार, वाडीत बोभाटा होणार. म्हणून तरुण तापाची गोळी घेऊन गप्प राहू लागला. कोरोनाच्या भीतीने दडविलेला ताप लेप्टोचा असला, तर दडविण्याचे ते दोन-तीन दिवसच जीवघेणे ठरतात.

त्या जुलैत परिचारिकाताईंनी नेहमीप्रमाणे एका घरी दूरध्वनी केला. मुलगा विशीतला, गटातील सर्वांत हौशी. त्याच्या दोन शेळ्या नुकत्याच व्यालेल्या. फोन त्याच्या मातोश्रींनी उचलला. करडांची चौकशी झाली, खुराकाची झाली. मग ताईंनी सहज विचारले की, आज वाडा कोणी झाडला? मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मीच झाडला. बकरीला शिंक आली तर हा तासाभरात फोन करतो. स्वतः तीन दिवस तापलाय, तर कोणाला सांगू नको म्हणतो." पायांत गोळे येतात म्हणून त्याला न्हाणीघरापर्यंतही धरून न्यावे लागत होते. ताईंनी फोन ठेवला तो थेट डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन. त्याच दुपारी मुलास आणले. कोरोनाचा नमुना घेतला. त्याचा अहवाल यायचा तेव्हा येवो, लेप्टोचे उपचार मात्र तत्काळ सुरू केले. तोवर त्याचे डोळे पिवळे झाले होते. काही दिवस काळजीचे गेले. मुलगा बरा होऊन घरी गेला. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, हे त्याच्या मातोश्रींना आम्ही त्या वेळी सांगितले नाही.

या प्रसंगाने आमचे डोळे उघडले. मुले जनावराचा आजार लपवीत नव्हती, स्वतःचा लपवीत होती. शेळीची चौकशी करणाऱ्या फोनला घरात मज्जाव नव्हता. रुग्णालयातून तापाची चौकशी करणारा फोन आला असता तर तो उचललाही गेला नसता. म्हणून आम्ही चौकशीचा क्रमच ठरवून घेतला. आधी जनावरांचे विचारायचे आणि ते मनापासून विचारायचे, कारण ते निमित्त नव्हे; त्या घराची पुंजी वाड्यात बांधलेली असते. मग विचारायचे की, आज पाणी कोणी पाजले, वाडा कोणी झाडला, नेहमीचा माणूस का नाही. घरात कोण अंथरुणावर आहे हे या एका प्रश्नातून कळते. त्यानंतर पायांस चिखल्या आहेत का, पोटऱ्या दुखतात का, लघवीचा रंग कसा, असे पुढे जायचे. वास येत नाही किंवा दम लागतो, असे उत्तर आले तर वाट वेगळी. आशाताईंना कळवायचे, रक्तातील प्राणवायू मोजायचा. पण केवळ ताप आहे म्हणून सरसकट कोरोना समजून लेप्टोचे उपचार अहवालासाठी थांबवायचे नाहीत, हे आमच्या डॉक्टरांनी आपसांत पक्के ठरविले. उलट चूक होण्याचाही संभव होता, हे खरे. दोन्हीची शंका एकाच वेळी मनात ठेवणे, एवढाच त्यावर उपाय होता.

घर बंद झाले तर शेळ्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच. गटातील प्रत्येकाने शेजारच्या घरातील एक जोडीदार निवडावा, असे ठरले. जोडीदाराजवळ एक कागद: कोणती शेळी गाभण, कोणती दुभती, खुराक किती, कोणती लस झाली, कोणती राहिली. घर वेगळे ठेवले गेले की शेळ्या जोडीदाराच्या वाड्यात जायच्या, शक्यतो त्याच संध्याकाळी. शेळीस हा आजार जडून तिच्यापासून माणसास होतो, असे कोठे आढळलेले नव्हते. तरी दावे बदलावे आणि हात साबणाने धुवावे, एवढी खबरदारी सांगितली. ही योजना कागदावर सोपी आणि व्यवहारात कठीण निघाली. काही शेजाऱ्यांनी तेवढ्यापुरता नकार दिला. एका घरी भावकीचा जुना वाद आड आला आणि शेळ्या दोन दिवस उपाशी ओरडत राहिल्या; अखेर वाडीतल्याच एका महिलेने त्या सोडून कातळावर नेल्या. पुढे जोडीदार निवडताना आम्ही वय किंवा अंतर न पाहता, घरांचे बोलणे आहे की नाही, हे आधी पाहू लागलो.

विक्रीबाबत थोडक्यात. २०२० ची बकरी ईद १ ऑगस्टला होती. राज्य शासनाने जनावरांचे बाजार बंद ठेवून खरेदी दूरध्वनीवरून वा संगणकाद्वारे करण्यास सांगितले होते. किनाऱ्यावरील मुस्लिम वस्त्यांतून दरवर्षी येणारे गिऱ्हाईक येऊ शकत नव्हते आणि न पाहता बोकडाचा भाव करणे दोघांनाही जड जाते. येथे मुलांना शिकविलेले एक गणित उपयोगी पडले. छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजून तिने गुणावे आणि आलेल्या संख्येस ६६० ने भागावे. वजन अंदाजे किलोत मिळते. घेर २८ आणि लांबी २६ भरली, तर बोकड सुमारे ३१ किलोचा. शिंप्याच्या टेपने घेतलेले माप आणि टेपसह काढलेले छायाचित्र गिऱ्हाइकाकडे गेले की बोलणी सुरू होत. सगळे बोकड गेले नाहीत. पण दलालाने "पंचवीसच भरेल" म्हटले, तर मुलाच्या हाती उत्तर होते.

असा उपक्रम सर्वस्वी निर्धोक असतो, असा समज मात्र नसावा. अमेरिकेत 'फोर-एच' नावाची ग्रामीण मुलांची चळवळ शंभर वर्षांहून जुनी आहे. मुले जनावर वाढवितात आणि उन्हाळ्यात जत्रेत त्याचे प्रदर्शन मांडतात. २०१२ च्या उन्हाळ्यात अशा जत्रांमधील डुकरांपासून तीनशेहून अधिक लोकांना फ्लूच्या एका वेगळ्या प्रकाराची बाधा झाली आणि त्यांत बहुतेक मुलेच होती. २०२० मध्ये तेथील अनेक जत्रा रद्द झाल्या आणि मुलांनी चित्रफितींवरून आपली जनावरे विकली. आम्ही २०१९ पर्यंत बैठकीला जनावरे एकत्र आणण्यास उत्तेजन देत होतो. ते आम्ही कायमचे बंद केले आहे. आता शिकविणारा वाड्यावर जातो. निघताना पादत्राणे धुतो आणि मगच पुढच्या वाड्यावर जातो.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू आला. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत, तर आपल्या जिल्ह्यात दापोलीत मेलेल्या कावळ्यांत त्याचे निदान झाले. अफवांचा बाजार पुन्हा भरला. या वेळी आमचा निरोप त्याच दिवशी गेला आणि त्यात कोंबडीविषयीच लिहिलेले होते: मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा, खुराड्यावर जाळी टाका, पूर्ण शिजविलेले मांस व अंडी खाण्यास हरकत नाही, घाईने विकू नका. २००६ साली नवापुरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. पण तेथे एकाही माणसास बाधा झाल्याचे निष्पन्न झाले नव्हते, हेही सांगितले. तरीही दोघींनी कोंबड्या विकल्याच. एकीच्या घरी तान्हे मूल होते. तिला आम्ही दोष देत नाही. २०२२ च्या लम्पीच्या साथीत गुरांचे बाजार बंद झाले. लम्पी माणसास होत नाही, हे दूरध्वनीवर सांगता सांगता परिचारिकाताईंचा घसा बसला होता, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. शेळीवर रुग्णालय जो खर्च करते, तो तुलनेने अल्प आहे: लसींची शीतपेटी, दूरध्वनीचे देयक, टेप, वह्या. मोठा खर्च गमबुटांचा. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मुलामुलीस गमबूट, चिखल्यांवरील मलम आणि वाड्यात टाकण्यास चुन्याची भुकटी द्यावी असा आमचा प्रयत्न असतो. जोखमीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळीही दिली जाते, मात्र गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना ती देत नाहीत. गमबूट घालून लावणी करता येत नाही, हा मुलांचा आक्षेप खरा आहे. चिखलात पाय रुतून बसतो. त्यामुळे लावणीस नव्हे, पण वाडा झाडताना तरी ते घालावेत, एवढ्यावर आम्ही तडजोड केली आहे. पहिल्या वर्षी मुलींच्या मापाचे गमबूट जवळपास मिळाले नाहीत. मुलांचेच मोठे दिले आणि ते दाराशी पडून राहिले. पुढील वर्षीपासून लहान मापाचे आधीच नोंदवून मागविले जातात. त्यासाठी एप्रिलअखेर पायांची मापे घेतली जातात.